भिंतीच्या पोटात

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यांना पाणी चढेनासे झाले, तेव्हा बऱ्याच चर्चेनंतर सोसायटीने प्लंबर बोलावला. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उकिडवे बसून त्याने इमारतीच्याच वयाच्या जीआय पाइपचा वीतभर तुकडा करवतीने कापून काढला आणि उजेडाकडे धरून आम्हांला आरपार बघायला लावले. बाहेरून दीड इंची दिसणाऱ्या त्या पाइपात करंगळी जेमतेम शिरेल एवढेच भोक उरले होते. बाकीची जागा विटकरी, मध्येच काळपट, खवल्याखवल्यांच्या गंजाने भरली होती. नखाने खरवडले की त्याचा ओला चुरा लादीवर पडत होता. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं अगदी हेच झालं होतं बघा. नव्वद टक्के ब्लॉक. स्प्रिंग टाकली म्हणून आज इथे उभा आहे." प्लंबरने मान डोलावली, सेक्रेटरींनी डोलावली, मीही डोलावली. "मग ॲसिड मारून साफ नाही होत का हो?" असे तळमजल्यावरच्या कुणीतरी विचारले, आणि तो प्रश्न पाइपाविषयी होता की काकांविषयी, हे क्षणभर कुणालाच कळले नाही.

त्या दिवसापासून तो तुकडा माझ्या डोक्यातून जाईना. हृदयाच्या रक्तवाहिन्यांविषयी बोलताना आपण सगळेच नळाची भाषा बोलतो, आणि ती सोयीची आहे हे मान्य करायला हवे. तुंबलेला नळ साफ करता येतो, नाहीतर बदलता येतो. त्यात काय टाकू नये याची यादी करता येते. आणि तो तुंबला याचा दोष कुणाच्या तरी तळणीवर, तुपावर किंवा आळसावर ठेवून मोकळे होता येते. काकांच्या स्वयंपाकघरातही याच समजुतीतून एक बाटली येऊन बसली होती. लिंबू, आले आणि लसूण यांचा रस, त्यात ॲपल सायडर व्हिनेगर, सगळे आटवून वर मध. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशाप्रमाणे हा काढा रोज सकाळी अनशापोटी घेतला की ब्लॉकेज विरघळते आणि बायपास टळतो. काढा आटत असताना त्याचा आंबूस, उग्र वास जिन्यातून आमच्या दारापर्यंत यायचा. त्या वासाचा राग यावा की त्याविषयी माया वाटावी, हे मला ठरवता येत नसे. कारण ज्या रात्री काकांना स्ट्रेचरवरून खाली आणले, त्या रात्री काकूंच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, आणि त्या रात्रीची भीतीच आता गॅसवर मंद आचेवर आटत होती.

पण रक्तवाहिनी खरोखरच नळ असती, तर काही गोष्टींचा उलगडा होत नाही. रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या वाहिनीतून, जे रक्त वाहते, तेच पुढे नीलांमधून हृदयाकडे परत येते. कोलेस्टेरॉल तेच, साखर तीच. तरीही नीलांमध्ये हा रोग होत नाही. आणखी पुढची गंमत बायपासच्या शस्त्रक्रियेत दिसते. पायातली नीला काढून ती हृदयावर जोडली की आयुष्यभर निरोगी राहिलेली तीच नीला रोहिणीच्या दाबाखाली येते आणि काही वर्षांत तिच्यातही तोच रोग सुरू होऊ शकतो. याउलट छातीच्या हाडामागून जाणारी एक रोहिणी आहे, इंटर्नल मॅमरी नावाची. ती रोहिणी असूनही सहसा या रोगाला बळी पडत नाही, आणि म्हणूनच शल्यविशारद बायपाससाठी तिला पहिली पसंती देतात. एकाच माणसाचे, एकाच आहाराचे, एकाच दिवशीचे रक्त एका वाहिनीत रोग निर्माण करते आणि वीतभर अंतरावरच्या दुसरीत करत नाही. पाणी आणि गंज यांच्या हिशेबात हे बसत नाही. इथे भिंतच वेगळी आहे, आणि ती भिंत जिवंत आहे.

या भिंतीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. एका पेशीच्या जाडीचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. या अस्तराकडे कित्येक वर्षे केवळ गुळगुळीत आच्छादन म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते, त्यामुळे वाहिनीचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्तकणिका भिंतीला चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिथे रक्त सरळ आणि वेगाने वाहते, तिथे या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीत बसलेल्या असतात. जिथे वाहिनीला फाटा फुटतो किंवा वळण येते, तिथे प्रवाह भोवंडतो, पेशींची ही रचना विस्कटते, आणि नेमक्या त्याच जागी एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण अस्तर ओलांडून भिंतीच्या पोटात शिरतात आणि तिथे अडकून पडतात. अडकलेल्या कणांवर रासायनिक प्रक्रिया होते, शरीराला ते परके वाटू लागतात, आणि त्यांना गिळण्यासाठी रक्तातल्या भक्षक पेशी भिंतीत उतरतात. त्या इतके गिळतात की फुगून तिथेच मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात म्हणून त्यांना फेसाळ पेशीच म्हणतात. त्या मेदाच्या आणि मृत पेशींच्या लगद्यावर शरीर तंतूंचे एक झाकण विणते. हा झाला प्लाक. तो नळाच्या आतल्या पृष्ठभागावर साचत नाही. भिंतीच्या जाडीत, अस्तराच्या मागे वाढतो. वरून गेलेला काढा सोडाच, खुद्द रक्तही त्याला थेट स्पर्श करत नाही.

आणि तो स्पर्श ज्या क्षणी होतो, तोच खरा धोक्याचा क्षण असतो.

इथे मला माझ्या मामाविषयी सांगायला हवे. मामा कळव्याला राहायचा आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. अंगाने काडी, पट्ट्याला नेहमी एक जादा भोक पाडून घ्यावे लागायचे. विडी-सिगारेट नाही, चहाला साखर कमी, कारखान्यातून स्टेशनपर्यंत चालत येण्याची सवय. एका दसऱ्याच्या दुपारी श्रीखंड-पुरीचे जेवण झाल्यावर त्याच्या छातीच्या मधोमध जळजळू लागले. "पित्त झालंय," म्हणून त्याने सोडा घेतला, मग पुन्हा घेतला, आणि कपाळावरचा घाम पुसत सोफ्यावर आडवा झाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. त्यानंतर आमच्या घरात कितीतरी वर्षे एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलले गेले: दोन महिन्यांपूर्वीच तर स्ट्रेस टेस्ट केली होती, नॉर्मल होती. ज्या दवाखान्याने तो अहवाल दिला, त्याच्याविषयीचा राग आईच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. मामी तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची, जणू कधीतरी कुणापुढे तो पुरावा म्हणून मांडायचा होता.

त्या अहवालात काही खोटे असेलच असे नाही, हे मला फार उशिरा समजले, आणि समजल्यावर सुटकेपेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली. 1987 साली सिमूर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांच्या रक्तवाहिन्या मोजून दाखवले, की भिंतीत प्लाक वाढू लागला की वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. प्लाकने सुमारे 40 टक्के जागा व्यापेपर्यंत हे चालते. त्यानंतर वाट अरुंद होऊ लागते. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसण्यासाठी वाट बरीच, साधारण 70 टक्क्यांच्या आसपास, अरुंद व्हावी लागते. अँजिओग्राफीतही दिसते ती वाटेची सावली. भिंतीची जाडी तिच्यात उमटत नाही. त्यामुळे रोग भिंतीत पसरलेला असूनही चित्र जवळजवळ स्वच्छ दिसू शकते. मग एके दिवशी एखाद्या मऊ, पातळ झाकणाच्या प्लाकला चीर जाते, आतला लगदा रक्ताला भिडतो, रक्ताला ती जखमच वाटते आणि ते तिथे गोठते. तीन-चार मिलिमीटर व्यासाची वाहिनी काही मिनिटांत बंद होते. पुष्कळशा झटक्यांमध्ये फुटलेला प्लाक आधी वाट निम्मीही अडवत नव्हता, कारण असे लहान, मऊ प्लाक संख्येने कितीतरी अधिक असतात. नव्वद टक्क्यांचा जुना, कॅल्शियमने टणक झालेला अडथळा चालताना छातीत दुखवून निदान सूचना तरी देतो. मामाला कसलीही सूचना मिळाली नव्हती.

आपल्याकडे टक्के सांगण्याची मोठी हौस आहे. कचराळी तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांचे बोलणे कान देऊन ऐकले, तर परीक्षेच्या निकालाचा हंगाम चालू आहे असा भास होतो. कुणाला ऐंशी, कुणाला पंच्याण्णव, कुणाचे तीन ब्लॉक, कुणाचा एकच पण "मेन"चा. ज्याला तीस टक्केच निघाले, तो हलक्या मनाने कट्ट्यावरच्या गटात सामील होतो आणि संध्याकाळी राम मारुती रोडवर वडापावच्या गाडीवर दिसतो. वास्तविक तीस टक्के याचा अर्थ इतकाच, की रोग आहे हे आता सिद्ध झाले. आणि ज्याला नव्वद निघाले आणि स्प्रिंग बसली, त्याला वाटते की रोग निघून गेला. ही स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, एका जागेची वाट उघडी ठेवतो. भिंतीचा उरलेला विस्तार, तिन्ही मुख्य वाहिन्या आणि त्यांचे सगळे फाटे, आहे तसेच राहतात. झटका येत असताना केलेली अँजिओप्लास्टी प्राण वाचवते, याविषयी कुणालाही शंका नाही. पण ज्यांची तक्रार स्थिर आहे, चालल्यावरच छातीत दुखते, अशा रुग्णांवर झालेल्या करेज आणि इस्केमिया या दोन मोठ्या चाचण्यांत, पहिलीचे निष्कर्ष 2007 साली आणि दुसरीचे 2020 साली प्रसिद्ध झाले, नेटक्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. छातीतले दुखणे मात्र कमी झाले, आणि तेही काही थोडे नाही. एवढा खर्च आणि एवढी भीती सोसल्यावर हे ऐकायला कुणाला आवडणार? पण त्यातून गोळ्यांचे महत्त्व जेवढे कळते, तेवढे दुसऱ्या कशातून कळत नाही.

याच गोळ्यांवरून काकांकडे एकदा गंभीर प्रसंग झाला. काढा सुरू केल्यावर त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद केली होती, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक "फार झाल्या गोळ्या" म्हणून सोडण्याच्या बेतात ते होते. स्टेंट ही शरीरासाठी परकी जाळी असते. तिच्यावर अस्तराच्या पेशींचे पांघरूण चढेपर्यंत तिथे रक्त गोठण्याचा धोका असतो, म्हणून या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर, डॉक्टर सांगतील तितके दिवस, एकत्र घ्याव्या लागतात आणि पुढे एक चालू राहते. मी काकूंना एवढेच म्हटले की लसूण आणि लिंबू चटणीत घाला, खुशाल खा, पण गोळ्यांचे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. काकू म्हणाल्या, "अहो, ते डॉक्टर पाच मिनिटं पण बोलत नाहीत. हा मेसेज निदान नीट समजावून तरी सांगतो." या वाक्यापुढे माझे सगळे वाचन थिटे पडले. पुढच्या तपासणीला काका गोळ्यांची पाकिटे आणि काढ्याची बाटली दोन्ही घेऊन गेले. डॉक्टर बाटलीला हसले नाहीत, हे विशेष. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा चालू केली, दुसऱ्या दोन्ही का हव्यात ते कागदावर आकृती काढून सांगितले, आणि काकूंनी ती आकृती फ्रिजवर लावली.

त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीची गोष्ट मला नेहमी मोहवते. 1970 च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या संशोधकाने हजारो बुरशा एकामागून एक तपासल्या, आणि क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला यकृताचे कोलेस्टेरॉल बनवणे रोखणारा पदार्थ मिळाला. त्यातूनच पुढे स्टॅटिन औषधांची वाट उघडली. त्यांतले पहिले 1987 साली अमेरिकेत बाजारात आले. ज्यांना निसर्गातले सगळे चालते पण गोळीतले रसायन नको असते, त्यांना ही हकिकत सांगून बघावी. या गोळीने ब्लॉकेज विरघळते का, तर ते "विरघळणे" फार अल्प असते: एका अभ्यासात सर्वांत तीव्र मात्रेत दोन वर्षे औषध दिल्यावर भिंतीतल्या प्लाकचे प्रमाण सरासरी एका टक्क्याच्या आसपास घटले. खरा फायदा वेगळाच आहे. मेद कमी होतो, दाह शमतो, वरचे झाकण जाड होते आणि प्लाक फुटण्याची शक्यता घटते. वाट होती तेवढीच राहते आणि माणूस मात्र जगतो.

कारणांच्या यादीत शिरायचे मी टाळत होतो, कारण ती सगळ्यांना पाठ असते: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, एलडीएल, पोटाचा घेर, बैठे काम. पण यांतले प्रत्येक कारण त्या एका पेशीच्या अस्तराला कसे भिडते, हे लक्षात आले की यादीचे रूप बदलते. धुरातली रसायने अस्तराला थेट इजा करतात. वाढलेला रक्तदाब त्याला दिवसाला सुमारे एक लाख वेळा ताणतो. रक्तातली जादा साखर त्याच्या प्रथिनांना चिकटते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखालून दुचाकीने जाताना नाकात जो बारीक धुरळा जातो, त्यातले सर्वांत सूक्ष्म कण फुप्फुसांत थांबत नाहीत. त्यांचा दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. आणि तंबाखू म्हटले की आपल्याला पुरुष आणि सिगारेट आठवते, पण माझी आजी रोज पहाटे उंबऱ्याशी बसून मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजण्याचा तो खमंग, ठसका लावणारा वास मला अजूनही आवडतो, याची थोडी लाज वाटते. तिचा रक्तदाब कधी कुणी मोजलाच नाही. एका सकाळी तिचा उजवा हात उचलेना आणि तोंड वाकडे झाले. मानेतल्या आणि मेंदूतल्या वाहिन्यांचेही हेच दुखणे असते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते.

तेला-तुपाविषयी मात्र एक मत नोंदवतो. साजूक तुपाच्या एका चमच्यावरून घराघरांत जे वाद होतात, ते मला बरेचसे अस्थानी वाटतात. तुपातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते हे खरेच, आणि वाटीने तूप ओतणाऱ्याने विचार करायलाच हवा. पण वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटइतके वाईट काहीच नाही. ते एलडीएल वाढवतेच, वर चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल घटवते. देशात 2022 पासून तेल आणि वनस्पतीतील त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली गेली, ही मला या विषयातली अलीकडची सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचे काय, हे जांभळी नाक्यावरच्या कढईतल्या काळपट फेसाकडे दोन मिनिटे पाहिले की सांगावे लागत नाही. मी वडापाव सोडलेला नाही. कढई पाहून खातो, आणि घरचे लोणचे-पापड मोजून, कारण दिवसाला 5 ग्रॅम मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपल्या ताटात दुपारच्या जेवणातच संपते.

मामाच्या काडीसारख्या अंगाचे कोडे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून थोडेफार सुटले. 2004 साली लॅन्सेटमध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून लठ्ठ असू शकतो, आणि ती चरबी पोटात, यकृताभोवती बसून साखर आणि मेद दोन्ही बिघडवते. म्हणून आपल्यासाठी कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात, पाश्चात्त्यांपेक्षा बरीच अलीकडे. त्यातच एलडीएलसारखाच हा रोग वाढवणारा लायपोप्रोटीन ए नावाचा एक कण आहे. तो किती असावा हे जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिकतेने ठरते, नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत तो दिसत नाही, आणि आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. मामाचा कधीच तपासला गेला नाही. त्याच्या पट्ट्याचे जादा भोक सगळ्यांना दिसत होते. पट्ट्याच्या वर हलकेच पुढे आलेले पोट कुणाला दिसले नाही.

व्यायामाच्या बाबतीत मला एक जुना अभ्यास फार प्रिय आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करायचा. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली दाखवले, की कंडक्टरांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी होता आणि झाला तरी कमी घातक. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या. स्वतःच्याच प्रसिद्ध निष्कर्षावर असा आडवा प्रश्न उभा करणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो. चालण्याचा फायदा नंतरच्या असंख्य अभ्यासांत टिकला, हे वेगळे. चालताना रक्ताचा वेग वाढतो, अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने वळतात, नायट्रिक ऑक्साइड अधिक बनते. आठवड्याला 150 मिनिटे धाप लागेल असे चालणे एवढीच मागणी आहे, आणि ठाणे स्टेशनवर सरकता जिना सोडून पुलाच्या पायऱ्या धरल्या तरी तिचा थोडाबहुत भाग भागतो. त्याच पायऱ्यांवर मधल्या टप्प्यावर थांबणारी माणसेही पाहावीत. काहींना दम लागलेला असतो. काहींची पोटरी भरून येते, मिनिटभर थांबले की उतरते आणि पुन्हा चालू लागले की भरते. ते वयावर ढकलतात, पण ती पायाच्या रोहिणीची तक्रार असते. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेचेही असेच आहे. त्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असल्याने भिंतीचा बिघाड तिथे पुष्कळदा काही वर्षे आधी जाणवतो. कचराळीच्या कट्ट्यावर टक्क्यांची चर्चा मोकळेपणी होते. ही होत नाही, आणि डॉक्टरांपुढेही होत नाही.

हा रोग उतारवयाचा मानण्याची सवयही एकदा तपासून पाहायला हवी. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची पाहणी 1953 साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय 22 वर्षे होते, आणि 77 टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या. म्हणजे भिंतीतले हे काम विशीतच सुरू झालेले असते. ज्यांच्यात जन्मतःच एक जनुकीय बदल असल्याने एलडीएल आयुष्यभर थोडे कमी राहते, अशा लोकांवरचा 2006 सालचा अभ्यासही हेच सांगतो: एलडीएल सुमारे 28 टक्क्यांनी कमी असलेल्या गटात हृदयविकार 88 टक्क्यांनी कमी निघाला. पन्नाशीनंतर गोळीने तेवढेच एलडीएल उतरवून एवढा लाभ मिळत नाही. आकडा किती, यापेक्षा तो किती वर्षे तसा राहिला याचा हिशेब भिंत ठेवते.

हे वाचून मी मुलाच्या मागे लागलो. तो घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो, रात्री अकराला ॲपवरून जेवण मागवतो, आणि मामाचाच बांधा घेऊन जन्मला आहे. "सत्ताविसाव्या वर्षी कोलेस्टेरॉल?" असे म्हणत त्याने बरेच दिवस टाळले, मग आईच्या आग्रहाखातर रक्त दिले. एलडीएल 148 आले, लायपोप्रोटीन ए मर्यादेच्या वर. त्या दुसऱ्या आकड्याकडे पाहताना मला मामीची ती प्लास्टिकची पिशवी आठवली. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. मामाचा इतिहास विचारून घेतला, तीन महिने आहार आणि चालणे बघू, मग ठरवू, म्हणाल्या, आणि सिगारेटविषयी विचारले. ती ओढतो हे आम्हांला तिथेच कळले. घरी येताना पाम बीच रोडवर तो स्वतःहून म्हणाला, की आता दिवसाला दहावरून एकावर आलो आहे, म्हणजे धोका एक दशांश झाला. मी त्याला 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले विश्लेषण सांगितले: रोज 20 सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. कर्करोगाचा हिशेब वेगळा, तिथे कमी केल्याचा बराच उपयोग होतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला मात्र थोडा धूरही पुष्कळ होतो. तो गाडी चालवत होता. म्हणाला, "मग नऊ सोडून मी मिळवलं काय?" "सवय सुटू शकते एवढं कळलं," असे मी म्हटले. त्यावर तो काही बोलला नाही. पण तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख त्याने ऐरोलीच्या सिग्नलला थांबल्यावर फोनमध्ये टाकली, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मीही माझे रक्त द्यावे, अशी अट घातली.